पाण्याखालच्या महालातलं शेवटचं वाक्य

"श्शऽऽ!"

तो आयुष्यात माझ्याशी पहिल्यांदा बोलला ते हे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील, पण आमची सुरुवात अशीच झाली.

त्या दिवशी मी स्टुडिओत वेळेआधी पोचले होते. फोनवर ताईशी जुंपली होती, स्वयंपाकघरातला गळका नळ कुणी दुरुस्त करून घ्यायचा यावरून. बोलत बोलतच मी खांद्यानं दार ढकललं, किल्ल्यांचा जुडगा हातातून निसटला आणि खळ्ळकन फरशीवर पडला. आत अंधुक उजेड. माइकसमोर एक माणूस डोळे मिटून, कानांवर हेडफोन लावून बसलेला. त्यानं नुसता हात वर केला.

"काय झालं?" मी विचारलं.

"गेली."

"कोण गेली?"

"शांतता." त्यानं डोळे उघडले आणि हेडफोन खाली काढले. "शांतता रेकॉर्ड करत होतो. फार छान चालली होती."

"शांतता कशाला रेकॉर्ड करायची? ती तर फुकट मिळते."

"तुम्ही खोलीत असताना नाही मिळत," तो म्हणाला. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण डोळ्यांत… डोळ्यांत होतं बहुतेक.

मग त्यानं समजावून सांगितलं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. दोन वाक्यांच्या मधे तीच भरावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याच्या कानाला तिथे भोक जाणवतं. मी मान डोलावली आणि मनातल्या मनात त्याचं बारसं उरकून टाकलं. शांतताराव.

मी आवाज विकून पोट भरणारी. साबणाच्या जाहिराती, फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा', कार्टूनमधली खारूताई, सगळं केलेलं. पण हे काम मोठं होतं. एका व्हिडिओ गेमची नायिका. हातात दिवा घेऊन ती तळ्याच्या बुडाशी असलेल्या महालात उतरते, कारण तिची बहीण तिथे कुठेतरी बंद आहे. महालात प्रत्येक दालन म्हणजे एक कोडं. कुठे आरसे फिरवून उजेड वळवायचा, कुठे चाकं फिरवून पाणी चढवायचं, कुठे घंटा योग्य क्रमानं वाजवायच्या. ही दिवेवाली सगळीकडे एकटीच असते आणि बोलते फक्त खेळणारा अडला की.

"तीन इशारे," कोडी रचणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं. "पहिला उगाच आपला. दुसरा जरा जवळचा. तिसऱ्यात जवळपास सगळं सांगायचं. पण उत्तर मात्र कधीच नाही! ते खेळणाऱ्यानं स्वतःच्या हातानं दिलं पाहिजे. आयतं मिळालं तर त्याचा आनंद काय?"

मग रोज मी काचेच्या या बाजूला आणि शांतताराव त्या बाजूला.

"या भिंतीत काहीतरी आहे…" मी म्हणायची.

"एकदा अजून," तो काचेपलीकडून म्हणायचा.

"या भिंतीत — काहीतरी आहे…"

"एकदा अजून."

"आता भिंतच बोलायला लागेल हो!"

"तिचंही रेकॉर्ड करू. पण आधी तुमचं. एकदा अजून."

पहिल्या फटक्यात म्हटलेलं वाक्य त्यानं कधी म्हणजे कधीच ठेवलं नाही. मी चिडायची, दात-ओठ खायची, त्याची नक्कल करायची. तो काचेमागे ऐकत राहायचा. असं ऐकणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मी बोलत नसतानासुद्धा तो ऐकत असायचा. आठवड्याभरानं माझ्या खुर्चीशेजारी कोमट पाण्याचा थर्मास दिसायला लागला. कुणी ठेवला, विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायचे आणि शांतताराव वायरी गुंडाळण्यात गर्क असायचा. मग माझ्या बाजूचा एसी बंद राहायला लागला. त्याची खोली त्याच एसीवर चालायची, हे मला फार उशिरा कळलं. बिचारा घामानं थबथबून बसायचा.

हे सगळं मला आवडत होतं. इतकं, की घरी ताई म्हणाली, "आजकाल आरशासमोर फार वेळ जातोय. गेममध्ये चेहरा पण दिसणार आहे वाटतं?"

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. फक्त ताईला माहीत होती.

एका दुपारी धो धो पाऊस आला. शेजारच्या गोदामाच्या पत्र्यावर असा काही बडवत होता की रेकॉर्डिंग थांबवावं लागलं. आम्ही दोघं जिन्याखालच्या बाकावर चहा घेत बसलो. पागोळ्यांचे तुषार माझ्या पायांवर उडत होते. त्यानं न बोलता आपली छत्री उघडली आणि माझ्या पायांपुढे आडवी ठेवली.

"घसा दुखतो का?" त्यानं एकदम विचारलं.

"नाही तर."

"वाक्याच्या शेवटी श्वास पुरत नाहीये. गेले काही दिवस."

मी कप बाकावर ठेवला. कुणालाही कळणार नाही अशी माझी खात्री होती. निर्मात्याला कळलं तर दुसरी मुलगी आणतील, म्हणून मी मूग गिळून बसले होते. आणि हा माणूस पावसाकडे बघत मलाच विचारत होता!

मग मी सांगितलं. गळ्यातल्या ग्रंथीवर गाठ आहे. काढावीच लागणार. आवाजाची नस तिला अगदी चिकटून जाते. डॉक्टर म्हणालेत, आवाज बसका होऊ शकतो, बदलू शकतो… राहणारही नाही कदाचित.

"आणि मला दुसरं काही येत नाही हो," मी म्हटलं. "मी आहे म्हणजे माझा आवाज आहे. तो गेला तर मागे उरेल ती कोण?"

पत्र्यावरचा पाऊस मंदावत गेला. मग त्यानं माझा गार झालेला चहा ओतून दिला, किटलीतला गरम भरला आणि कप माझ्या दोन्ही हातांत नीट बसवला. त्याची बोटं माझ्या बोटांवर क्षणभर राहिली.

"लवकर संपवू," तो म्हणाला. "पण कच्चं नाही सोडायचं."

त्यानंतर आम्ही झपाटून काम केलं. सगळे इशारे झाले, सगळं दचकणं, धापा टाकणं, हुंदके झाले. उरलं एकच वाक्य. शेवटच्या दारापाशी कोडं नसतं. दिवा विझलेला असतो आणि दिवेवालीनं फक्त हाक द्यायची असते — "मी आलेय. दार उघड." ते ऐकून दार उघडतं आणि खेळ संपतो.

"हे उद्या घेऊ, ताज्या आवाजात," तो म्हणाला. मग घुटमळला. "आज… वेळ असेल तर थोडं दुसरं काही बोलाल? गेमचं नाही. तुमचं. ताईंना हाक मारता ते. फोन उचलल्यावर म्हणता ते. तुमचं हसणं… मी नीट जपून ठेवीन. कुठल्याही कामाची एक जादा प्रत ठेवायची सवय आहे मला."

माझा तिळपापड झाला.

"म्हणजे तुम्ही धरूनच चाललात की तो जाणार?"

"तसं नाही—"

"तसंच आहे! मी अजून जिवंत आहे, आणि तुम्ही माझा फोटो भिंतीवर टांगायला निघालात. हार पण आणलाय का?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो काचेमागून बाहेर आला, काही बोलणार होता, पण मी पर्स उचलून निघाले होते. घरापर्यंत रडत गेले. राग त्याचा नव्हताच खरं तर, भीती होती. ती काढायला समोर तो सापडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हॉस्पिटलमधून फोन आला. एक खाट रिकामी झाली होती, आजच दाखल व्हा म्हणाले. शेवटचं वाक्य राहूनच गेलं.

गाठ निघाली आणि ती साधी निघाली. ताईचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र नाही. बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी मी न्हाणीघरात गेले, कडी लावली, नळ सोडला आणि हळूच "ताई" म्हणून पाहिलं. खरखरीत, फाटका, अर्ध्यात तुटणारा आवाज. माझ्या तोंडून कुणी परकीच बाई बोलत होती. डॉक्टर म्हणाले, थोडा सुधारेल, पहिल्यासारखा होईल असं सांगता येत नाही. मग मी बोलणंच टाकलं. खुणा करायची, मान हलवायची. ताईनं विनवलं, रागावली, एकदा तर माझ्यासमोर बसून रडली. तरी माझं तोंड उघडलं नाही. त्याचे निरोप येत होते. एकालाही मी उत्तर दिलं नाही.

मग एका रविवारी दारात तोच उभा. बगलेत लॅपटॉप, खांद्यावर माइकची पिशवी.

"आत या," ताई म्हणाली. "ती बोलत नाही, पण पळूनही जाणार नाही. मी कडी लावते."

तो माझ्यासमोर बसला. "आधी माफी मागतो," तो म्हणाला. "तुम्हाला धीर हवा होता आणि मी प्रती काढत बसलो. चुकलं माझं."

मी मान खाली घातली. त्यानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "गेम तयार झालाय. शेवटचं दालन तेवढं खेळा."

मी जन्मात गेम खेळले नव्हते. निळसर पाणी, ओला जिना, हातात दिवा घेतलेली ती. मी तिला भिंतीवर आदळवलं, पाण्यात पाडलं, चाकं उलटीच फिरवली. मी अडलेय हे गेमला कळलं आणि ती बोलली.

"या भिंतीत काहीतरी आहे…"

माझा आवाज. स्वच्छ, भरलेला, माझा. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यानं काही म्हटलं नाही, रुमाल पुढे केला. मी डोळे पुसत चाक फिरवत राहिले. पाणी चढलं, जिना तरंगला, आणि ती शेवटच्या दारापाशी पोचली. दिवा विझला.

मग नुसती शांतता. त्या शांततेत एकदम खळ्ळकन किल्ल्या पडल्याचा आवाज, आणि लांबून मीच — "काय झालं?"

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"पहिल्या दिवसाची," तो म्हणाला. त्याची कानशिलं लाल झाली होती. "बिघडलेली शांतता. पुसवली नाही मला. तुमच्या वाक्याची जागा रिकामी ठेवायची नव्हती, म्हणून तीच घातली. निर्माते दुसरी मुलगी आणा म्हणतात. मी नाही म्हटलं. हे वाक्य तुम्ही म्हणायचं. आज. आत्ताच्या आवाजात."

मी जोरजोरात मान हलवली. गळ्यावरच्या व्रणावर हात ठेवला.

"ऐका ना," तो म्हणाला. "ती एवढ्या पाण्यातून आलीय. एकटी, अंधारात. पडली, बुडता बुडता वाचली. एवढं सोसून आलेली बाई शेवटच्या दारापाशी पहिल्या दिवसासारखीच बोलेल, हे मला पटत नाही. आतल्या बहिणीलाही पटणार नाही."

दारामागे ताईनं नाक ओढल्याचा आवाज आला.

त्यानं माइक लावला, पंखा बंद केला, हेडफोन चढवले. डोळे मिटले, त्या दिवशीसारखेच. खोलीत एवढी शांतता झाली की मला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

"मी… आलेय," मी म्हटलं. आवाज फाटला, मधेच तुटला, पुन्हा सापडला. "दार उघड."

मी त्याच्याकडे पाहिलं. 'एकदा अजून'ची वाट बघत.

त्याचे डोळे मिटलेलेच होते आणि पापण्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

"हाच," तो म्हणाला. "हाच ठेवायचा."

बाहेर ताई हुंदके देत होती आणि आपण अजिबात ऐकत नसल्याचं भासवत भांडी वाजवत होती. त्यानं हेडफोन काढले, माइक बंद केला. वायर गुंडाळायला लागला, मग तीही तशीच सोडली.

"थर्मास मी ठेवायचो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "एसी मीच बंद करायचो. आणि हा आवाज… हा, आत्ताचा… रोज सकाळी उठल्यावर पहिला हाच ऐकायला मिळाला, तर मला दुसरं काही ऐकायचं नाही."

"कितवा इशारा हा?" मी विचारलं. खरखरीत आवाजात, न अडखळता.

"तिसरा."

पुढचं तो सांगणार नव्हता. उत्तर मीच द्यायचं होतं. मी त्याचा हात हातात घेतला, त्या पावसाच्या दुपारी त्यानं माझ्या हातांत कप बसवला होता तसा, दोन्ही हातांनी.

"मला तू हवा आहेस," मी म्हटलं. पहिल्यांदाच 'तू' म्हटलं.

तो एकटक बघत राहिला. मग त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच पूर्ण हसू पाहिलं.

"एकदा अजून," तो म्हणाला.

आणि मी, जराही न चिडता, पुन्हा म्हटलं.