बिघडलेल्या बसमधली वरात

"बस पुन्हा बिघडली!" बोआची नावाचा पोरगा धापा टाकत गेस्ट हाऊसच्या जेवणघरात शिरला. "परवा रेडिएटर, काल ब्रेक, आज गिअर. उद्या बहुतेक हॉर्नला ताप येणार!"

कुणीच हसलं नाही. सेरवाने पेन टेबलावर आपटलं. तिच्यासमोर 'जाणे' या फ्रेंच क्रियापदाचा तक्ता पडला होता. मी जाते, तू जातेस, आम्ही जातो...

"तक्त्यातले सगळे जातात," ती फणकारली, "आपण तेवढे इथे सडतोय!"

कुमासीच्या शाळेतली ही मुलं सुट्टीत घानाची सीमा ओलांडून टोगो देशात, लोमेला आली होती, ती फ्रेंच बोलायला. शहरातल्या एका शाळेतली मुलं त्यांची वाट बघत होती. बाजार होता, समुद्र होता. पण सहल ठरवणारे गास्तों साहेब रोज सकाळी येऊन हळहळत, "बस गॅरेजात आहे हो!" आणि अंपोंसा सर मान डोलवून पुन्हा मोबाइलवर फुटबॉल बघायला लागत. तक्ते तर काय, कुमासीतही भरता आले असते!

त्यात सेरवाचं दुःख निराळंच. ती वर्गात फ्रेंचमध्ये पहिली. आल्या संध्याकाळी गेस्ट हाऊसच्या फाटकाशी कंद तळणाऱ्या बाईला तिने पुस्तकातलं वाक्य खणखणीत म्हणून दाखवलं होतं, "सदर पदार्थाचे मूल्य किती आहे?" बाई आधी बघतच राहिली, मग पोट धरधरून हसली. तेव्हापासून सेरवा फाटकाकडे फिरकली नव्हती.

संध्याकाळी बस परत आली, तशी सेरवाची मैत्रीण पोकुआ येताना विसरलेली टोपी शोधायला आत चढली. उतरली ती मूठ झाकूनच.

"ए, इकडे या!" तिने मूठ उघडली. गुलाबी कागदाच्या टिकल्या आणि एक चुरगळलेली रेशमी फीत. "सीटखाली होतं. आणि आत नुसता सेंटचा घमघमाट!"

"गॅरेजात लग्नं लागतात का गं?" बोआचीने डोळे मिचकावले.

तिघं सरांकडे धावली. "सर, बसमध्ये ना..."

"तक्ता झाला?" सरांची नजर मोबाइलवरच.

"नाही सर, पण..."

"मग आधी तो करा!"

सेरवाच्या डोक्यात तिडीक गेली. "आता आपणच बघू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर चहा पीत होता, तेवढ्यात तिघं बसमध्ये शिरून शेवटच्या सीटमागे दडली. थोड्याच वेळात इंजिन मांजरासारखं गुरगुरलं.

"गिअर बरा दिसतोय!" बोआची कुजबुजला.

बस एका गल्लीत थांबली. एकसारख्या निळ्या कापडाचे कपडे घातलेल्या बायका गात, हसत आत चढल्या. सेंटचा भपकारा आला आणि... "आऽऽक्छी!" बोआचीला राहवलंच नाही.

सीटवरून एक भलामोठा चेहरा डोकावला. "चोर!"

एकच गलका झाला! कोणी तिथल्या एवे भाषेत ओरडत होतं, कोणी फ्रेंचमध्ये, आणि त्यातलं एकही वाक्य पुस्तकात नव्हतं. "रस्त्यावरची पोरं आहेत, उतरवतो!" म्हणत ड्रायव्हरने बोआचीची कॉलर धरली.

"बोल ना सेरवा!" पोकुआ रडवेली झाली. "तुलाच येतं ना फ्रेंच!"

सेरवाने तोंड उघडलं. पण भूतकाळ वापरायचा की वर्तमान? 'आहोत' की 'होतो'? ती मनातल्या मनात तक्ताच चाळत राहिली. मागून कोणीतरी खुदकन हसलं. तिचे डोळे संतापाने भरून आले. इतके तक्ते भरले, ते कशासाठी?

मग तिच्या मनात आलं, कुमासीत आपण मोठ्या बाईशी विचारपूस न करता असं थेट बोलायला गेलो असतो का? आईने कान पिळला असता! तिने आदराने गुडघा वाकवला. "बोंजूर, मावशी. घरचे सगळे बरे आहेत ना?"

गलका एकदम विरला. तो भलामोठा चेहरा नरमला. "बरे आहेत, पोरी. तुझे?"

"बरे." आणि मग सेरवाने व्याकरण खुशाल सोडून दिलं. "आम्ही घाना. शाळा. बस आमची! गास्तों म्हणतो, बस मोडला. आम्ही रोज खोली. शाळेतला मुलं वाट बघते. समुद्र नाही, बाजार नाही, काहीच नाही!"

बाईने कपाळावर हात मारला. ती होती नवरीची मावशी, आकूवी. "मेला गास्तों! मला म्हणाला, बस माझी, रोजची रिकामी, म्हणून तर भाड्याने घेतली!"

बोआची कॉलर सोडवून घेत पुढे सरसावला. "सेरवा, मावशींना सांग, त्याला फोन करा. पण आमच्या सरांच्या शेजारी बसून!"

सेरवाने हातवारे करकरून सांगितलं. मावशीला ते इतकं आवडलं की तिने ड्रायव्हरला बस वळवायलाच लावली.

जेवणघरात अंपोंसा सर मॅच बघत होते. मावशी शेजारी बसली आणि तिने स्पीकर लावला. "गास्तों, उद्याही बस हवी. पण त्या घानाच्या मुलांचं काय?"

"त्यांची काळजी सोडा, मॅडम!" गास्तों हसला. "तिथल्या शाळेला कळवलंय, मुलं आजारी आहेत. आणि त्यांचे मास्तर? त्यांना फुटबॉल दिला की पुरे!"

सरांच्या हातातला मोबाइल खाली पडला. "गास्तों!" ते असे गरजले की पलीकडे फोन थेट बंदच झाला!

सरांनी मोबाइल उचलून मॅच बंद केली. मग म्हणाले, "पोरांनो, न सांगता गेलात, ते चुकलंच. पण माझ्याहून तुम्हीच जास्त जागे होतात. शाबास! उद्या मी स्वतः तुम्हाला त्या शाळेत नेतो."

"उद्या कशाला? आज लग्नाला चला, सगळेच!" मावशीने फर्मान सोडलं. बसमध्ये वऱ्हाड आणि वर्ग दाटीवाटीने बसले.

सेरवा मात्र खिडकीशी गुमसुम. मावशीने तिचा खांदा हलवला. "तुझं फ्रेंच भयंकर आहे गं! पण मला अक्षर न् अक्षर कळलं. मग आता तोंड का उतरलंय?"

"मावशी, आता सहलीचा फक्त उद्याचा दिवस उरलाय," सेरवा तुटक शब्दांत म्हणाली. "इतके दिवस फुकट गेले!"

"आणि तू गप्प बसून आजचाही घालवतेस?" मावशीने तिला जवळ ओढलं. "बोल!"