मुकी पट्टी

"सकालपासून पोरीवर खेकसतात बुवा... काय चुकते तिचं, मला तं नाय कलत!" दारात बोंबील मोजता मोजता नवसी कोळीण पुटपुटली.

"हळू गं!" गोजराबाईंनी तिला दटावलं, आणि मग स्वतःशीच ओशाळल्या... हळू कशासाठी? आत बाजाची पेटी घेऊन बसलेल्या त्यांच्या यजमानांना, दिनानाथबुवांना, समोरच्याचे ओठ पाहिल्याशिवाय बोलणं कळत नव्हतं, आणि वरचे सूर तर केव्हाच दुरावले होते. पालघरच्या त्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी बोलायचं नव्हतं!

बोलपट नवे होते, गाणं चित्रीकरण चालू असतानाच मुद्रित व्हायचं, तेव्हा याच बुवांनी, कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून तबलजीला झुडपामागे लपवून आणि स्वतः पेटीसकट आंब्यावर चढून, मुंग्या चावत असताना गाणी वाजवली होती. सात चित्रपटांना चाली दिल्या. पुढे मोठाले वाद्यवृंद आले, काम सुटलं, राहिला तो कानांचा अभिमान... चार वर्षांपूर्वी त्यांनी "तू बेसूर झालीस!" म्हटलं, तेव्हा गोजराबाईंनी मान खाली घातली आणि त्या दिवसापासून गाणं सोडलं, पेटी वाजवणंही सोडलं. बुवांचे कान गेले हे सांगण्यापेक्षा आपला गळा गेला हे सोपं होतं!

तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावरची मंडळी रविवारी बोईसरला बुवांचा सत्कार करणार होती, आणि त्यांची जुनी गाणी शकू, त्यांची लेक, गाणार होती.

"हा सूर! हा!" आतून बुवा कडाडले. "असा लाव!"

गोजराबाई उंबऱ्यातच थबकल्या. बुवा पट्टी दाबत होते, भाता हलत होता... आणि पेटीतून काहीच येत नव्हतं! पावसाळ्यात त्या पट्टीचा सूर दमटून बसला होता.

शकूनं आईकडे पाहिलं. डोळे भरून आले, तरी ती बुवांकडे वळून म्हणाली, "चुकलंच माझं, बाबा. पुन्हा लावते."

"आईचीच लेक! नको लावूस. रविवारी गायचं नाही, आणि यापुढेही नाही!"

गोजराबाईंच्या मनात आलं, आपला गळा आपण आनंदानं पुरला... पण पोरीनंही तोच खड्डा खणावा?

त्या पुढे झाल्या, बुवांच्या समोर बसल्या आणि त्यांचं बोट त्या पट्टीवरून अलगद उचललं.

"अहो... ही पट्टी वाजत नाहीये."

बुवांनी ते ओठ वाचले. पट्टीकडे पाहिलं, लेकीच्या ओल्या गालांकडे पाहिलं... मग ते गोजराबाईंकडे वळले.

"म्हणजे तूही कधी बेसूर नव्हतीस..." त्यांनी भाता मिटला. "गोजरा, चार वर्षं?"

त्या फक्त रडत हसल्या.

बुवांनी पेटी दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढे सरकवली. "रविवारी शकू गाईल, साथीला तू बस. दुरुस्त करून आणू हिला. आणि बोईसरला कुणी विचारलं, बुवा का वाजवत नाहीत, तर... नको, मीच सांगेन." त्यांनी शकूकडे पाहिलं. "मला ऐकू येत नाही."