पुढे?

वर्गात कुणी कुणाशेजारी बसायचं, हे आता बाई ठरवत नाहीत. भिंत ठरवते.

शाळेच्या पहिल्या दिवशी पोरांच्या कपाळाला मेळपट्ट्या बांधायच्या आणि ओळखीचा खेळ लावायचा. चेंडू ज्याच्या हातात, त्यानं उभं राहून पूर्ण नाव सांगायचं, एक आवडीची गोष्ट सांगायची आणि चेंडू दुसऱ्याकडे फेकायचा. माणसं एकमेकांचं मनापासून ऐकू लागली की त्यांच्या मेंदूतल्या लहरी एका तालात येतात. विस्कळीत टाळ्या हळूहळू एक होतात ना, तशा. हाच मेळ. पट्टी तो मोजते, भिंतीवर प्रत्येकाची रेघ काढते, आणि ज्याच्याशी कुणाचीच रेघ जुळत नाही, त्या पोराला उचलून मागच्या इमारतीतल्या निराळ्या तुकडीत टाकते. शास्त्रच ते. त्याच्याशी भांडणार कोण?

अश्लेषाबाई भांडल्या.

"जुई उद्यापासून मागच्या इमारतीत? का म्हणून? बोलकी पोरगी आहे, गेलं वर्षभर मला हसवून दमवलंय तिनं!"

"मॅडम, मी नाही ठरवलं," पट्ट्या बनवणारे डॉक्टर मिहीर म्हणाले. "तिच्याशी वर्गाचा मेळ बसला नाही. यंत्राला जातपात कळत नाही. आडनावं आम्ही त्यात भरलेलीच नाहीत."

"भरायला कशाला हवीत? पोरं तोंडानं सांगतात की! रेघा कुठं तुटल्या ते दाखवा."

मिहीरनी कालचा खेळ भिंतीवर पुन्हा लावला. जुई उठली. नाव, रेघा एकत्र. वडिलांचं नाव, एकत्र. आडनाव. सगळ्या रेघा धाडकन खाली. मग जुई चिंचेच्या गोळ्या आवडतात म्हणाली, तेव्हा ऐकायला कुणी उरलंच नव्हतं.

"हे तुमचं शास्त्र? घराघरांतून पोरांना पाजलेलं विष मोजता आणि त्याला मेळ म्हणता? लाज नाही वाटत?"

"यंत्र म्हणजे आरसा आहे, मॅडम."

"आरसा पोरांना वर्गाबाहेर काढत नाही! शेजारच्या तुकडीत सगळी नवी पोरं आहेत, त्यांचा खेळ अजून झालेला नाही; जुईला काय, एकमेकांनाही ओळखत नाहीत. तिथं खेळ घेते. नुसती नावं, आडनाव नाही. मेळ बसला तर ती त्याच वर्गात बसेल. कबूल?"

"कबूल. पण बाईंनीही पट्टी बांधायची."

"दोन बांधा!"

खेळ सुरू झाला. पहिला चेंडू एका गुटगुटीत पोराकडे गेला. "मी शार्दूल."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "पुढे?"

वर्ग खिदळला. शार्दूल पोहण्याबद्दल सांगू लागला, रेघा खालीच. दुसरं पोर, तिसरं पोर, तेच. नाव संपलं की प्रत्येक डोकं थांबून राहायचं. याचं ऐकायचं की नाही, हे आडनावाशिवाय कुणाला ठरवताच येत नव्हतं.

"हा तर सगळा वर्गच मागच्या इमारतीत जाईल," मिहीर हलकेच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

चेंडू जुईकडे आला. "मी जुई."

रेघा कोसळल्या. एक सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत खोल.

"ही कुणाची?" बाई कडाडल्या. "कोण आहे तो? उभा राहा!"

कुणी उठलं नाही. मिहीरनी त्या रेघेखालचं नाव वाचलं.

"मॅडम, तुमची."

जुईनं भिंत पाहिली. मग बाईंकडे पाहिलं. चेंडू पोटाशी धरून तिनं विचारलं,

"पुढचं सांगू का, बाई?"