लाल पिसाची माशी

"माशी बांधायचीय. त्याला चालेल असा बारीक दोरा आहे का तुमच्याकडं?"

प्रगतीने मशीन थांबवलं. मोखाड्याच्या एसटी स्टँडमागच्या तिच्या शिलाईच्या दुकानात पाच वर्षांत नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं येऊन गेली होती. सकाळी कापड टाकून दुपारच्या हळदीला ब्लाउज मागणारी, वर्षापूर्वीचं माप देऊन 'घट्ट कसा झाला' म्हणून भांडणारी... पण माशी बांधणारं अजून कोणी उगवलं नव्हतं.

दारात एक उंच, सावळा तरुण उभा होता. आषाढातला पाऊस त्याच्या रेनकोटावरून उंबऱ्यात निथळत होता. कमरेला वायरमनचा पट्टा, त्यात पक्कड नि टेस्टर.

"माशी?" तिने विचारलं. "जिवंत?"

"नाय हो... गळाची."

त्याने खिशातून काड्यापेटी काढली आणि जपून उघडली. आत कापसावर एक किडा बसला होता. तांबूस चकचकीत अंग, गळ्याभोवती लाल केसाळ पिसारा. प्रगती दचकून मागे सरली. मग तिला त्याच्या पोटाखाली वाकडा गळ दिसला.

"याला मासा फसतो?"

"तुम्ही फसलात की," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो हे कळून स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

प्रगतीला राग यायला हवा होता. आला नाही. तिने कपाटातून संपत आलेलं एक चॉकलेटी रीळ काढून त्याच्या ओल्या हातावर ठेवलं आणि मान खाली घालून पुन्हा मशीन चालू केलं. त्या दिवशी एका ब्लाउजची बाही तिने उलटी शिवली.

त्याचं नाव हरेश. मूळचा जव्हारकडच्या वांगणी गावचा. दोन वर्षं ठाण्याला कामाला होता, तेव्हा एका निवृत्त म्हाताऱ्याच्या घरी वायरिंग करताना त्याने ही विद्या पाहिली. म्हातारा टेबलाला लावलेल्या छोट्या चिमट्यात गळ धरायचा आणि त्याच्यावर दोऱ्याने पिसं बांधून किडे तयार करायचा. हरेशचे डोळे तिथेच अडकले. जाताना म्हाताऱ्याने त्याला तो चिमटाच देऊन टाकला. मग मोखाड्यात वायरमनची नोकरी लागली आणि बाकीचं सामान इथेच मिळालं. कोंबडीवाल्याकडची मानेची पिसं, टाकाऊ वायरमधली तांब्याची तार, बोकडाच्या शेपटीचे केस. वांगणीत घरच्यांना कितीतरी दिवस वाटत होतं की पोरावर कोणीतरी करणी केलीय.

चार दिवसांनी तो परत आला.

"दोरा सुटतो," पडेल चेहऱ्याने त्याने सांगितलं.

प्रगतीने माशी उलटीपालटी करून पाहिली. "दोऱ्याला काय झालंय? गाठ बघा कशी मारलीय! कोणी शिकवली?"

"मोबाइलनं."

"मग मोबाइललाच सांगा सोडू नको म्हणून."

पण म्हणता म्हणता तिने मेणाचा तुकडा उचलला, दोरा त्यावरून दोनदा ओढला आणि काज करताना मारतात तशी गाठ मारून दाखवली. एकदा, दोनदा... तिसऱ्यांदा त्याची बोटं चुकली तेव्हा तिने ती धरून फिरवली. दोघंही जरा जास्तच वेळ त्या गाठीकडे बघत बसले.

तेव्हापासून त्या दुकानाच्या मीटरला काहीतरी झालं म्हणायचं. दर दोन दिवसांनी वायरमनला तिथे यावं लागायचं. शेजारच्या पिठाच्या गिरणीतली नवशीकाकी एकदा उंबऱ्याशी येऊन म्हणाली, "आमची लाइट जाते तेव्हा हा कुठं मरतो गं?" प्रगतीने तोंडात टाचण्या धरल्या होत्या, म्हणून उत्तर द्यायचं टळलं.

हळूहळू तिलाही नाद लागला. नऊवारीला काठ लावणाऱ्या हातांना नखाएवढ्या गळावर पीस गुंडाळायला मजा वाटायची. ती बांधायची आणि हरेश शेवटचं काम करायचा. गळाच्या टोकाशी एक उलटा, बारीक काटा असतो. मासा एकदा लागला की हा काटा त्याला सुटू देत नाही. हरेश तो काटा पक्कडीने दाबून सपाट करायचा. का, ते तिने विचारलं नाही. तिला वाटलं, असेल काहीतरी पद्धत.

श्रावण संपता संपता चार दिवस उघडीप झाली, नदीचं पाणी निवळलं.

"माझा डोह दाखवू तुला?" त्याने विचारलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

तो डोह निघाला सूर्यमाळला, तिच्याच पाड्याच्या खाली! चार वर्षं तो तिथेच गळ टाकत होता.

"चार वर्षं इथं येतोस?" प्रगती थक्क झाली. "मी रोज वरून हे पाणी बघते."

"मला काय माहीत, वर कोण राहतं ते," तो हसला. "नायतर मान वर केली असती."

त्याने काठी उचलली. दोरी हवेतून लांब जाऊन अलगद पडली आणि तिने बांधलेली माशी पाण्यावर तरंगू लागली. प्रगतीने श्वास रोखला... फसकन पाणी फुटलं! काठी वाकली, हरेश खडकांवरून पळाला, आणि थोड्या वेळाने त्याच्या हातात सोनेरी खवल्यांचा खडस मासा होता, चांगला हातभर लांब. ती टाळ्या पिटत पुढे गेली. आई काय खूश होईल...

हरेशने गळ काढला. मासा पाण्यात धरला, दोन क्षण त्याच्याकडे पाहिलं, आणि हात उघडले.

"अरे... सुटला!"

"सुटला नाय. सोडला."

"सगळेच सोडतोस?"

"सगळेच. म्हणून तर काटा दाबतो. त्याला इजा होत नाय."

तो आनंदात होता. प्रगती मात्र त्याला मागे टाकून घराची वाट चढू लागली. कारण तिला एकदा सोडलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी विनोद नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. तो भिवंडीला कामाला गेला, आणि 'आता जमणार नाही' एवढा निरोप दुसऱ्याच्या फोनवरून आला. पाड्यात वर्षभर चर्चा पुरली. धरायचं, कौतुकाने बघायचं आणि सोडून द्यायचं... पुरुषाची जात ही अशीच असते का, हा प्रश्न तिच्या मनात तेव्हापासून बसला होता.

तरी तिने घरी सांगितलं. कारण आता न सांगून चालणारं नव्हतं.

तिचे बाबा, तुका, ओट्यावर दोर वळत बसले होते. "करतो काय?"

"वायरमन हाये."

"बरं. नि सुट्टीला?"

"मासे धरतो..." प्रगती चाचरली. "नि सोडतो."

तुकाचा हात थांबला. "सोडतो? मग धरतो कशाला?"

तिलाही तेच विचारायचं होतं.

"एकदा तोंड पोळलंय, पोरी," तुका म्हणाला. "आता ताक बी फुंकून पिणार मी. ये म्हणावं त्याला रविवारी. पण आपल्या घरची रीत माहीत हाये ना? मागणी घालायला येणारा स्वतः धरलेला मासा घेऊन येतो. त्याचं कालवण होतं, मग बोलणं होतं. माझ्या बापानं तसंच केलं, मी बी तसंच केलं."

चुलीशी बसलेली आई, माघी, हे ऐकून का कोण जाणे जोरात खोकली.

प्रगतीने हरेशला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. पण तो एवढंच म्हणाला, "बरं... आणतो."

भादव्यातल्या त्या रविवारी माघीने सकाळीच लसूण-मिरचीचं वाटण करून ठेवलं. नागलीच्या भाकरी थापल्या. प्रगतीने नवं पोलकं घातलं, काढलं, जुनं घातलं, आणि शेवटी न राहवून वरईच्या शेताच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिथून डोह दिसायचा.

हरेश गुडघाभर पाण्यात होता. बारीक पाऊस भुरभुरत होता. एकदा दोरी टाकली, दोनदा, दहादा... आणि मग काठी अशी वाकली की प्रगतीने वरूनच ओरडायला तोंड उघडलं. मोठा होता! पहिल्यापेक्षा दुप्पट! हरेशने तो दोन्ही हातांत घेतला. पोटावरून हात फिरवला. बराच वेळ तसाच उभा राहिला.

आणि सोडला.

आज? आजसुद्धा? एक मासा हातात धरून ठेवता येत नाही या माणसाला! ती घरी आली, चुलीत उगाच फुंकर घालत बसली. डोळ्यांतून पाणी यायला धूर बरा पडतो.

तासाभराने तो दारात उभा होता. नखशिखांत भिजलेला, आणि हात रिकामे.

तुकाने त्याच्या हातांकडे पाहिलं. "मासा?"

"लागला होता, मामा. सोडला."

माघीने चुलीवर ठेवलेलं भांडं खाली उतरवलं.

"मादी होती, अंड्यांवर आलेली. गाभोळी होती पोटात," हरेश म्हणाला. "हाताला कळली. भरली होती अगदी. मग पुन्हा दोरी टाकली, पण दुसरा लागला नाय. बाजारातनं घ्यावा असं मनात आलं... पण स्वतः धरला म्हणून तुमच्या पुढ्यात ठेवायला जीभ उचलली नसती. तुमची रीत मोडली, कबूल. पण मागणी मोडू नका."

"नि माझ्या पोरीचं?" तुका उठला. "तिला बी असंच धरशील नि सोडशील?"

चुलीशी प्रगतीने कान टवकारले. हाच तो प्रश्न. डोहावरच्या त्या दिवसापासून तिच्याही मनातला.

हरेश गोंधळला. मग म्हणाला, "मासे सोडतो मी, मामा. पण डोह कधी सोडला नाय. चार वर्षं झाली... पावसात, थंडीत, कधी काय लागो न लागो. दर रविवारी तिथंच येतो."

तेवढ्यात मागून माघीचं हसू फुटलं. आधी पदराआड, मग चांगलं मोठ्याने.

"काय झालं गं?" तुका ओरडला.

"तुमची रीत!" माघीला बोलवेना. "पोरा, ह्या माणसानं मागणीला काय आणलं होतं विचार. बोंबील! सुके! जव्हारच्या बाजारातले! नि माझ्या बापाला सांगतो, मी धरले. डोंगरातल्या ओढ्यात बोंबील, तेही वाळलेले!"

"तुझ्या बापानं खाल्ले ना पण?" तुका पुटपुटला. त्याची मिशी हलायला लागली होती.

"खाल्ले. भूक लागली होती त्याला."

मग तुकालाही राहवलं नाही. तो इतका हसला की डोळे पुसायला खांद्यावरचा टॉवेल घ्यावा लागला. "बस रे, बस," तो हरेशला म्हणाला. "मी खोटं बोलून हिला आणली. तू खरं बोलून उपाशी मरशील. भादव्यात मासा अंड्यांवर असतो म्हणून माझा बाप बी डोहाला जाळं लावायचा नाय... काय गं, डब्यात बोंबील हायेत का? टाक कालवणात."

प्रगतीचा जीव असा भांड्यात पडला की तिला तिथेच बसकण मारावीशी वाटली. ती हसत होती आणि रडतही होती, आणि या वेळी धुराचं निमित्त सांगायचीही गरज वाटली नाही. सुक्या बोंबलाचं कालवण इतकं गोड तिला आधी कधीच लागलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर हरेश ओट्यावर अंगातल्या शर्टाचं टोक पिळत उभा होता. पाऊस थांबला होता, वळचणीचे थेंब तेवढे पडत होते. प्रगती बाहेर आली. मूठ मिटलेली.

"हात कर पुढं."

त्याच्या तळहातावर तिने एक माशी ठेवली. तांब्याच्या तारेचं अंग, लाल पिसाचा गळा, मेणवलेल्या दोऱ्याची घट्ट गाठ. पहिल्या दिवशी काड्यापेटीत होती तशीच, फक्त तिच्या हातची.

हरेशने ती उजेडाकडे धरून सवयीने टोक तपासलं. "छान जमलीय... पण काटा दाबायचा राहिला."

"राहिला नाही. ठेवलाय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती ओट्याच्या कडेकडे बघत होती, पण तिचे ओठ हसत होते. त्याने हळूच ती माशी शर्टाच्या खिशावर टोचली, बरोबर काळजापाशी, आणि ओढून पाहिली.

"प्रगती... ही आता निघायची नाय."

"मग?" ती म्हणाली. "काढायला सांगितलंय कोणी?"