पुरेसं इंधन

"चिपळूणपर्यंत जायचं, आणि परत येताना कुंभार्ली घाटाच्या माथ्यापर्यंत. त्यापुढचं एक थेंबही नाही," शलाका म्हणाली. "मॅडम, सकाळी पंपावर गाडीने तेवढंच भरून घेतलंय."

कराडच्या वाहनप्रयोगशाळेच्या प्रमुख, डॉ. वसुमती घारे, यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पडद्यावरची, त्या गाडीच्या पुढच्या प्रवासाची हिरवी रेषा जवळून पाहिली. रेषा घाटमाथ्यावरच्या एका वळणावर संपत होती. घर तिथून तासभराच्या वाटेवर होतं.

ती गाडी घेऊन गेला होता निरंजन, शलाकाचा नवरा. हा माणूस थांबण्यात पटाईत. जुनी गाडी कुरकुरू लागली तेव्हा तो म्हणाला होता, "पुढच्या दसऱ्याला तुमच्याच प्रयोगशाळेची काटकसरी गाडी येतेय ना? मग आता जुनं तंत्रज्ञान कोण गळ्यात बांधून घेणार?" तो दसरा आला, गाडीही आली, पण त्याहून कमी इंधन पिणारं मॉडेल पुढच्या वर्षी येणार असल्याचं त्याला बायकोकडूनच कळलं. झालं, पुन्हा थांबणं आलं. सोनं लुटायला आलेले पाहुणे दारातल्या जुन्या गाडीला झेंडूची माळ बघून गालात हसत, आणि निरंजन त्यांना इंधनबचतीवर व्याख्यान देई. शलाकाला त्याची गंमत वाटायची. खरं सांगायचं तर अभिमानही वाटायचा. आपल्या कामावर इतका विश्वास ठेवणारं दुसरं कोण होतं?

यंदा विक्रीआधीच्या चाचणीगाड्या कर्मचाऱ्यांच्या घरी दिल्या गेल्या. अट एकच, बनवणाऱ्याने स्वतः चालवायची नाही, घरच्यांनी चालवायची. त्यामुळे नवी गाडी निरंजनकडे गेली आणि जुनी शलाकाच्या वाट्याला आली. तुलनेसाठी जुन्या गाडीतही नव्या गाडीसारखंच, पुढे किती इंधन लागेल ते सांगणारं अंदाजयंत्र बसवलं होतं.

"घाबरले की मी पहिल्यापासून बोलते," घारे मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला होता. "भरलेली टाकी म्हणजे शाळकरी पोराला पाठुंगळीला घेऊन हिंडणं. म्हणून आपण नेमभरण आणलं. लागणार तेवढंच इंधन घ्यायचं. टाकी लहान म्हणून सांगाडा हलका, सांगाडा हलका म्हणून इंजिन छोटं, आणि खर्च एकतृतीयांशाने कमी. पण त्यासाठी किती लागणार हे आधी कळायला हवं."

"ते अंदाजयंत्र सांगतं," शलाका म्हणाली. "रस्ता, हवा, चालवणाऱ्याची नाडी, त्याच्या सवयी, घरातल्यांचे फोन, सगळं घेऊन."

"आणि चुकतं किती?"

"आजवरच्या सगळ्या चाचण्यांत मिळून पेलाभर."

मार्च महिन्यातले सोलापूरचे ते एक चाचणीचालक गृहस्थ दोघींनाही आठवले. त्यांच्या गाडीने फक्त जाण्यापुरतं इंधन घेतलं होतं. यंत्र बिघडलं म्हणून तंत्रज्ञ हसले, आणि संध्याकाळी बातमी आली की मुक्कामी पोचल्यावर गृहस्थ जिना चढताना कोसळले ते उठलेच नाहीत.

"गाडीला मरण कळत नाही, शलाका," घारे मॅडम म्हणाल्या. "पुढे इंधन लागणार नाही, एवढंच तिला कळतं. कारण ती सांगत नाही, कारण आपण तिला कारण शिकवलंच नाही."

शलाकाने फोन लावला. निरंजन चिपळूणला मावसबहिणीकडे बारशाला गेला होता. मागे बायकांचा गलका चालला होता, कोणीतरी पाळणा म्हणत होतं.

"अगं, तुझ्यासाठी घुगऱ्या बांधून घेतल्यात," तो ओरडून म्हणाला.

"निरंजन, आज निघू नकोस. तिथेच राहा. गाडीने परतीचं इंधन घेतलेलं नाही."

"घेतलंय की. मी विचारलं तिला. पुरेसं आहे म्हणाली."

"ती सगळ्यांना तेच म्हणते! माझं ऐक. मुक्काम कर."

तिच्या आवाजातला कंप त्याला कळला असावा. थट्टा सोडून तो म्हणाला, "बरं बाई, राहतो. ताईला सांगतो. तू जेवलीस का?"

फोन ठेवून शलाकाने मोठा श्वास सोडला आणि पडद्याकडे पाहिलं. हा अंदाज क्षणाक्षणाला नव्याने काढला जायचा. माणसाने बेत बदलला की रेषा बदलायची, हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. आता ती रेषा चिपळूणलाच संपायला हवी होती.

रेषा हलली नाही. ती अजून घाटमाथ्याच्या वळणावरच संपत होती.

"म्हणजे तो निघणार," शलाका पुटपुटली. "माझी समजूत काढली त्याने. पाहुणे पांगले की निघणार."

"पुन्हा फोन कर."

"फोनवर तो हो म्हणतो, मॅडम. मला त्याच्यासमोर जाऊन उभं राहायला हवं. मी त्याच्या गाडीची किल्लीच काढून घेते." बोलता बोलता तिने पर्स उचलली होती. घारे मॅडमना तिला थांबवावंसं वाटलं, पण कोणत्या तोंडाने थांबवायचं? त्यांनी फक्त हळू जा म्हटलं.

पाटण मागे पडेपर्यंत ऊन होतं. कोयनेच्या बाजूला वळताच ढग रस्त्यावर उतरले. घाट सुरू झाला तेव्हा गाडीच्या नाकापुढचं दिसेना. शलाका इतकी घाबरलेली आजवर कधीच नव्हती. एकच विचार तिला पुढे ढकलत होता, की तो चिपळूणमधून बाहेर पडायच्या आत आपण पोचायचं.

फोन वाजला. घारे मॅडम होत्या.

"कुठे आहेस तू?"

"घाटात. माथ्यावर."

"शलाका, निरंजन निघालाय. तू निघाल्याचं मीच त्याला कळवलं, वाटलं तो निदान तुझी वाट बघत तिथे थांबेल. पण ती जुनी गाडी घेऊन तू धुक्यात निघालीस हे ऐकल्यावर तो थांबायला तयारच होईना. घाटाखालची पोफळी सोडून वर चढायला लागलाय, फार जोरात चालवतोय, आणि आता फोन उचलत नाही." मॅडमना धाप लागली होती. "आणि तुझ्या गाडीचा अंदाज मी आत्ता पाहिला. सकाळपासून मी त्याचीच रेषा बघत बसले, तुझी कोणी पाहिलीच नाही. तुझीही तिथेच संपते, त्याच वळणावर."

शलाकाने करकचून ब्रेक दाबला. गाडी फरफटत डावीकडे गेली आणि वळणाच्या तोंडावर इंजिन बंद पडून थांबली. समोरच्या छोट्या पडद्यावर पुढे लागणाऱ्या इंधनाचा आकडा उतरत उतरत शून्यावर आला.

मग तिला चक्क हसू फुटलं. थांबलेल्या गाडीला इंधन कशाला लागेल? मी घाबरून इथे थांबणार, तो मला बघून थांबणार, यंत्राने एवढंच तर ओळखलं होतं! दोन्ही गाड्या सोडून पायी जवळच्या हेळवाक गावात जायचं, तिथे चहा प्यायचा आणि कोणाच्या तरी जीपने घरी जायचं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिला आपल्या नवऱ्याचा भयंकर राग आला होता आणि त्याला कधी एकदा बघते असं झालं होतं.

पण तो आपल्याला बघणार कसा, हे तिच्या लक्षात आलं.

तिने धोक्याचे दिवे लावायची कळ दाबली. एकही दिवा लुकलुकला नाही. पुढचा एक दिवा केव्हाच गेलेला, दुसऱ्याचा उजेड धुक्यात वीतभरही पोचत नव्हता. दोन वर्षं गाडीतलं काहीच दुरुस्त झालं नव्हतं. नवी येईपर्यंत कशाला खर्च, असं निरंजन म्हणायचा, आणि तिलाही ते पटायचं.

खालच्या बाजूने इंजिनाचा आवाज येत होता. छोट्या, हलक्या इंजिनाचा, शर्थीने चढणारा. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, तिनेच तो घडवला होता. दरीकडचं दार कठड्याला अडलं होतं, रस्त्याकडचं उघडावं तर आवाज त्याच बाजूने येत होता. गाडी वळणावरून हलवायला हवी होती, दहा पावलं मागे नेली तरी पुरे होतं.

तिने किल्ली फिरवली. जुनी गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. टाकी अर्धी भरलेली होती. तिने मागचा गिअर टाकला आणि सवयीने पडद्याकडे पाहिलं. गाडी हलणार असेल, दहा पावलं का होईना, तर थेंबभर तरी इंधन लागणारच, आणि ते यंत्र थेंबही मोजत असे.

पडद्यावर शून्यच होतं.