मागून येणारी बस

डोंगरीच्या चढावर रुचिताची डावी पोटरी अशी आखडली की तिला पुढचं पाऊलच टाकता येईना. ती लंगडत बसथांब्यापर्यंत आली आणि सिमेंटच्या गार बाकावर बसून पाय चोळू लागली. नोव्हेंबरातला रविवार, सकाळचे पावणेसात. खाली राई गावाच्या बाजूला धुकं अजून उठलं नव्हतं.

आज अठरा किलोमीटर व्हायचे होते. भाईंदरहून उत्तनपर्यंत आणि परत. झाले होते सात.

तशी ही काही नवी गोष्ट नव्हती. घरी फ्रिजवर तिनं फेब्रुवारीतल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीसाठी सोळा आठवड्यांचं वेळापत्रक चिकटवलं होतं. आठवड्यातून चार दिवस धावायचं, त्यातले तिचे जेमतेम दोन व्हायचे. मंगळवारी जाग यायची नाही. गुरुवारी चष्म्याच्या दुकानात, जिथं ती लोकांचे डोळे तपासायची, दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे. दिवाळीचा आठवडा तर सगळाच्या सगळा चकल्यांत गेला होता. आई म्हणायची, "एवढा त्रास होतो तर सोड ना." आणि रुचिता म्हणायची, "त्रास होतो म्हणूनच सोडवत नाही." असं का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

उत्तनहून येणारी पहिली बस वळणावर दिसली. तिनं हात केला. बस थांबली, दार उघडलं, आणि ती कशीबशी वर चढली.

"आज इथंच थांबलात?" ड्रायव्हरनं मान वळवून विचारलं.

रुचितानं मागं वळून पाहिलं. मागं कोणीच नव्हतं.

"मला विचारताय?"

"हो. दर रविवारी दिसता ना. मुर्ध्याच्या तळ्यापाशी तुम्ही पहिल्यांदा चालायला लागता. मग राईपर्यंत पुन्हा धावता. पण ह्या चढावर कधी थांबला नव्हता तुम्ही."

तिचे कान गरम झाले. आपण कुठं कुठं दमतो याचा कोणी असा हिशेब ठेवतंय...

"गाडी चालवताना रस्त्याकडे बघावं माणसानं," ती म्हणाली.

"रस्त्याकडेच बघतो," तो शांतपणे म्हणाला आणि गिअर टाकला. "तुम्ही रस्त्यावरच असता."

मागच्या सीटवर तिकिटांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले कंडक्टर बाबुराव गालातल्या गालात हसले. रुचिता तिसऱ्या सीटवर जाऊन बसली आणि भाईंदर येईपर्यंत एकदाही तिनं पुढं पाहिलं नाही. म्हणजे, दोनदाच पाहिलं. मानेवर बारीक कापलेले केस, खाकी शर्टाची कडक इस्त्री.

पुढच्या रविवारी तिनं ठरवलं, मुर्ध्याच्या तळ्यापाशी चालायचंच नाही. मागून बस आली, हळूच एकदा हॉर्न वाजला आणि बस पुढं निघून गेली. तळं मागं पडल्यावर दोनशे पावलांवर ती थांबली, कमरेवर हात ठेवून दम खाल्ला. बघायला आता कोणी नव्हतं.

उत्तनला पोचली तेव्हा शेवटच्या थांब्यावर तीच बस दुसऱ्या फेरीला येऊन उभी होती. बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकत टांगलेले, वाऱ्याला तो खारट वास. सुरुवातीला ह्या वासानं ती नाकाला रुमाल लावायची. आता तो आला की तिला बरं वाटायचं, निम्मं अंतर संपलं म्हणून. ड्रायव्हर बसला टेकून चहा पीत होता.

"तळ्यापाशी नाही थांबलात आज," तो म्हणाला.

"नाही."

"पुढं थांबलात."

"ते तुम्हाला कसं दिसलं? तुम्ही तर पुढं गेला होता."

"आरसा असतो बसला."

तिला हसू आलं. दाबायचा प्रयत्न केला, पण दम लागलेला असताना हसू दाबता येत नाही. तो पण हसला, आणि टपरीवाल्याला बोटानंच आणखी एक चहा सांगितला.

त्याचं नाव भूपेश घरत. मुर्ध्याचा. आजोबांची मिठागरं होती, त्याच्या लहानपणीच ती बंद पडली. "आता तिथं गवत हाय," तो म्हणाला, आणि लगेच सावरून, "आहे." रुचिताला ते सावरणं आवडलं, आणि त्याहून ते आधीचं 'हाय' जास्त आवडलं.

बस उत्तनला बारा मिनिटं थांबायची. त्या बारा मिनिटांसाठी रुचिता रविवारी आधीपेक्षा लवकर उठू लागली. हे मात्र तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. मंगळवारची जागही हळूहळू येऊ लागली. गुरुवार मात्र तसाच बुडत राहिला.

"तुम्ही का नाही धावत?" तिनं एकदा विचारलं.

"आठ तास बसून असतो. पळायची सवयच न्हाय राहिली. शाळेत असताना बांधावरून पळायचो, तेवढंच."

"मग मला कशाला सल्ले देता?"

"सल्ले कुठं देतो? बघतो फक्त."

आणि खरंच, तो सल्ले देत नसे. धावणाऱ्या बाईला सगळं जग सल्ले देतं. बूट बदला, केळं खा, श्वास नाकानं घ्या. भूपेश फक्त सांगायचा, आज चढाच्या निम्म्यापर्यंत धावलात. आज डावा हात कमी हलत होता. म्हणूनच बहुधा डिसेंबरातल्या एका सकाळी तिनं त्याला ते सांगितलं, जे आईलाही सांगितलं नव्हतं.

"मागच्या वर्षी मी अशीच एक शर्यत धावले. एकवीस किलोमीटरची. पंधराव्यापाशी मागून बस आली. मागं राहिलेल्यांना उचलून नेतात ना, ती. मला आत बसवलं." ती चहाच्या पेल्याकडे बघत होती. "घरी सांगितलं, पूर्ण केली म्हणून."

तो हसला नाही. बिचारी, असंही तोंड केलं नाही. त्यानं विचारलं, "बसमध्ये काय केलंत?"

असं कोणी विचारेल असं तिला वाटलं नव्हतं.

"मोजे काढले. पुन्हा घातले. मग पुन्हा काढले," ती म्हणाली. "हातांना काहीतरी काम हवं होतं."

त्यानं मान हलवली. बारा मिनिटं संपली होती, बाबुरावांनी घंटी वाजवली. पण त्या दिवशी बस सुटताना त्यानं हॉर्न वाजवला नाही, खिडकीतून नुसता हात बाहेर काढला. आणि परतीच्या नऊ किलोमीटरांत रुचिता फक्त दोनदा चालली.

शर्यत फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी होती. भाईंदरच्या मैदानातून सुटायची, उत्तनला वळसा घालून परत. तीन तासांत पूर्ण करायची. तिचाच रस्ता. जानेवारीच्या मध्याला ती उत्तनला पोचली तेव्हा भूपेश बोनेट उघडून काहीतरी बघत होता, आणि बाबुराव मोठ्या कौतुकानं म्हणाले, "मॅडम, तुमच्या शर्यतीला आमची पण ड्यूटी लागली. सगळ्यात मागची बस आमची. दमलेल्यांना उचलायचं."

रुचिता उभी राहिली होती तशीच राहिली.

भूपेशनं बोनेट लावलं. "मी सांगणारच होतो."

"कधी? दार उघडल्यावर?"

"रुचिता, ऐका—"

"ती गोष्ट मी फक्त तुम्हाला सांगितली होती." आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आणि तुम्ही तीच बस घेऊन माझ्या मागं येणार. एवढी खात्री आहे, मी मागं राहणार याची?"

त्याला बोलायचं होतं, पण बाबुराव तिथं, टपरीवाला तिथं, आणि बस सुटायची वेळ झालेली. ती वळली आणि धावत निघाली, चहा न घेता. पुढच्या चार किलोमीटरांत ती एकदाही चालली नाही, आणि पाचव्यापाशी तिच्या गुडघ्यात कळ आली.

नंतरचे दोन रविवार ती त्या रस्त्याला गेलीच नाही. एकदा मीरा रोडच्या उद्यानाभोवती फेऱ्या मारल्या, तर बाराव्या फेरीला कंटाळून घरी आली. दुसऱ्यांदा गुडघ्याचं निमित्त करून झोपली. सगळ्यात लांबची जी धाव व्हायला हवी होती, ती झालीच नाही. भूपेशचा फोन नंबर तिच्याकडे नव्हता, तिचा त्याच्याकडे नव्हता. बारा मिनिटांत कधी गरजच पडली नव्हती.

शर्यतीच्या दिवशी ती पहिले दहा किलोमीटर बरी धावली. उत्तनला वळसा घालताना बोंबलांचा वास आला, पण थांबायला कोणी नव्हतं. परतीच्या उतारावर गुडघा बोलू लागला. मोरवा गावापाशी तिच्या मागं पाच-सहा जण होते, राईला कोणीच उरलं नाही. आणि मग तिला तो आवाज आला. पहिल्या गिअरमधल्या बसचा, ठरलेल्या वेगानं, ना हळू ना जोरात.

तिनं मागं पाहिलं नाही. जोर लावला, तो शंभर पावलं टिकला. आवाज जवळ आला, मग शेजारी आला. दार उघडं होतं, पायरीवर टोपी घातलेली स्वयंसेवक मुलगी उभी.

"मॅडम, आ जाइए. टाइम हो गया."

रुचितानं तिच्यापलीकडे पाहिलं. भूपेशचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्यानं मान वळवली. चेहरा ओढलेला, रात्रभर झोप नसल्यासारखा.

"अजून किती आहे?" तिनं त्याला विचारलं.

"साडेतीन."

"नक्की?"

"नक्की. चढ एकही न्हाय."

तिनं छातीवरच्या नंबराच्या टाचण्या काढल्या आणि तो कागद त्या मुलीच्या हातात दिला. "मैं साइड से आती हूँ. आप लोग जाइए."

बस पुढं गेली. रस्ता एकदम शांत झाला. मुर्ध्याच्या तळ्यावर ऊन आलं होतं, एक बगळा काठावर उभा होता. रुचिता थोडं चालली, थोडं धावली, पुन्हा चालली. आता वेळ बघायचं कारण नव्हतं. रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. पाय दुखत होते आणि ते अजून पुढं पडत होते, एवढंच.

शेवटचा दीड किलोमीटर उरला असताना समोरून एक माणूस पळत येताना दिसला. खाकी कपडे, काळे चामडी बूट, एक हात बरगडीखाली दाबलेला. अगदी वाईट पळत होता. जवळ आला तेव्हा त्याला बोलता येईना.

"उतरवलं... सगळ्यांना... मैदानात," भूपेश म्हणाला. "बस... लावली."

"आधी श्वास घ्या."

"नाकानं?"

तिला हसायचं नव्हतं. ती चालत राहिली, तो शेजारी चालू लागला.

"बस थोडी हळू चालवली असती तर मी नंबरासकट पोचले असते," ती म्हणाली.

"माहितीय."

"मग?"

"मग तुम्ही स्वतःहून पुढं राहिला नसता. मी ठेवलं असतं तुम्हाला पुढं." तो खाली बघत म्हणाला. "ते तुम्हाला कळलं असतं. आज नाही तर उद्या."

हे खरं होतं, आणि हे त्याला कळावं याचं तिला नवल वाटलं.

"डेपोत विचारलं, उत्तनचा रस्ता कोणाला पाठ आहे. माझा हात वर गेला. कुठली बस ते नंतर कळलं. तेव्हा नको म्हणता आलं असतं, पण तसं म्हणालो न्हाय मी." तो घुटमळला. "रोजच्या ड्यूटीत तुम्ही अर्धं मिनिट दिसता, मग मागं पडता. वाटलं, ह्या वेळी लांबून का होईना, तीन तास दिसाल. तुम्ही मागं राहाल म्हणून न्हाय घेतली मी ती बस. आधी सांगायला हवं होतं. ते चुकलंच माझं."

"चुकलंच," ती म्हणाली. आणि मग जरा वेळानं, "मी पण दोन रविवार आले नाही."

"मोजले मी."

मैदानाच्या कोपऱ्यापाशी तिनं पुन्हा धावायला सुरुवात केली. तो पण धावला. शेवटच्या रेषेवरची कमान हवा काढून जमिनीवर पसरली होती, खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. रुचिता त्या रंगीत कापडावरून पलीकडे गेली आणि थांबली. तीन तास बावीस मिनिटं. बाबुरावांनी राखून ठेवलेलं उपम्याचं पाकीट तिच्या हातात दिलं, आणि ते समंजसपणे दूर जाऊन उभे राहिले.

"मला अर्धं मिनिट पुरत न्हाय," भूपेश म्हणाला. ह्या वेळी त्यानं शब्द सावरला नाही. "बारा मिनिटंही पुरत न्हायत."

रुचितानं वर पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि शर्टाची इस्त्री पार मोडली होती.

"उद्या ड्यूटी किती वाजता सुटते?"

"तीनला."

"उद्या मला चालता येणार नाही."

"बसनं जाऊ," तो म्हणाला. "दुसरं कोणी चालवेल. मी शेजारी बसतो."

सोमवारी दुपारी जिना उतरताना ती कठडा धरून आडवी-आडवी उतरली. आईनं कुठं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "उत्तनला. धावायला नाही, एका माणसाबरोबर चहाला." आई दारात बघत राहिली. मागच्या वर्षीच्या शर्यतीचं खरं काय झालं होतं तेही तिनं तिथंच, जिन्यावर उभं राहून सांगून टाकलं.

बसमध्ये दोघांच्या सीटवर भूपेश अवघडून बसला होता. साध्या निळ्या शर्टात तो थोडा अनोळखी वाटत होता. राईच्या वळणावर समोर रिक्षा आडवी आली, आणि रुचिताला दिसलं... त्याचा उजवा पाय जमिनीवर जोरानं दाबला गेला होता. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा. डोंगरीच्या उतारावर तर तो पाय उचलेचना.

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"तू चालवत नाहीयेस," ती हळूच म्हणाली.

त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. उतार अजून बराच बाकी होता. पण त्याचा पाय सैल झाला होता, आणि समुद्र दिसू लागला तरी त्यानं समोर पाहिलं नाही.