एक कान उभा

चिंधीला नापास करणारा माणूस पुढं मला आवडायला लागेल, असं त्या रविवारी कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्याशी तिथल्या तिथं भांडले असते.

डिसेंबरची सकाळ होती. बेसा रोडवरच्या एका लग्नाच्या लॉनवर पाळीव प्राण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. मिहानमधल्या माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं हौसेनं फॉर्म भरला आणि मी चिंधीला टोपलीत घालून निघाले, एवढंच. चिंधी म्हणजे माझी ससुली. जात हॉलंड लॉप. या जातीचे दोन्ही कान गालांवर लोंबायला हवेत. चिंधीचा उजवा कान लोंबायचा. डावा मात्र सरळ उभा... कुणी हाक मारतंय का, ते ऐकत असल्यासारखा.

परीक्षकांच्या मदतीला टेबलामागे एक तरुण डॉक्टर उभा होता, जनावरांचा. खिशावरच्या पट्टीवर नुसतं 'डॉ. धम्मदीप' लिहिलेलं. अनोळखी माणसाला ओरबाडणारी चिंधी त्याच्या हातात गेली आणि कोपराच्या वळणात नाक खुपसून गप्प बसली. त्यानं तिचा डावा कान बोटानं खाली आणला. सोडला. कान उभा. पुन्हा खाली, पुन्हा उभा. मागं रांग वाढत होती, तरी तो तिला कुरवाळत थांबून राहिला. शेवटी त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कागदावर लिहून टाकलं.

"नियमात बसत नाही," तो म्हणाला.

"नियम कोणी केला?"

"विदेशात कोणीतरी. मले विचारलं नव्हतं."

मला राग आला आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आल्यावर चेहऱ्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून मी उगाच टोपलीचं झाकण लावत बसले. मग त्यानं माझा नंबर मागितला. का, असं मी विचारणार, तेवढ्यात म्हणाला, की हिचे पुढचे दात वाकडे वाढत आहेत, लक्ष ठेवावं लागेल.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला — आज काय खाल्लं?

मी लिहिलं — तर्री पोहे. झणझणीत.

बराच वेळ काहीच नाही. मग — सशाले तर्री? काहून?

मी फोन उशीखाली ढकलला आणि दिवाणावर पालथी पडून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यानं नीट समजावून लिहिलं, की तिला सुकं गवत भरपूर द्यायचं, गाजर कमी, गवत चावलं की दात आपोआप झिजतात. आणि शेवटी, वेगळ्या ओळीत — आणि तुम्ही? जेवल्या?

त्या 'आणि तुम्ही'वर मी ऑफिसात आख्खा दिवस घालवला. डॉक्टर असंच विचारत असतील का सगळ्यांना? की...?

मग तो दर रविवारी यायला लागला. इंदोऱ्याहून बेसापर्यंत, म्हणजे शहराच्या पार या टोकाला, स्कूटरवर. मी चिंधीला मांडीवर धरायची, तो छोट्या टॉर्चनं तिचे दात बघायचा. तिचा ओठ उचलताना आमची बोटं एकमेकांना लागायची. तो हळूच 'सॉरी' म्हणायचा. मला की चिंधीला, ते कधीच कळायचं नाही.

आईला तो आवडला होता. दुसऱ्या रविवारी तिनं सहज त्याचं आडनाव विचारलं. त्यानं 'मेश्राम' सांगितलं, आणि त्या दिवशी चहा जरा उशिरा आला. तिसऱ्या रविवारी मात्र वेळेवर आला, सोबत चिवडाही. आई काही बोलली नाही. मीही नाही. आणि बोलणार तरी काय? बोलण्यासारखं काही होतं का, हेच मला ठाऊक नव्हतं.

एकदा टॉर्च खिशात ठेवता ठेवता तो म्हणाला, "आज छान दिसून राहिली."

"चिंधी?"

"चिंधी तर रोजच दिसते..."

एवढं बोलला आणि त्याचे कान लाल झाले. बॅग उचलून तो निघून गेला, चहा तसाच ठेवून. मी आठवडाभर त्या वाक्याला वेगवेगळे शेवट जोडून पाहिले. आणि पुढच्या रविवारी? पुन्हा फक्त दात. अजून थोडे वाकडे आहेत, म्हणाला, पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहतो.

मार्च लागला. ऊन तापलं, गच्चीवरचा कूलर खाली आला. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून पिंजऱ्यात ठेवायची, हेही त्यानंच शिकवलं. चिंधी त्या बाटलीला पाठ टेकून दुपारभर पडून राहायची.

आणि तेव्हाच, जिथून चिंधीला आणलं होतं त्या दुकानदाराचा फोन आला. चिंधीच्या निकालानं त्याच्या दुकानाचं नाव खराब होत होतं. ती परत द्या, म्हणाला, नव्या पिल्लांतलं दोन्ही कान पडलेलं एक घेऊन जा. आईला त्यात काही वावगं वाटेना. मला मात्र काही सुचेना. मी धम्मदीपला फोन करून सगळं सांगितलं. तो 'नका देऊ' म्हणेल, एवढंच मला ऐकायचं होतं.

 तो म्हणाला, "बदलायचीच असन, तर दुकानात नका देऊ. मले द्या."

मी 'बरं' म्हणून फोन ठेवला.

म्हणजे हे असं होतं तर. पहिल्या दिवसापासून त्याला ससा हवा होता. मेसेज, रविवार, ते अर्धं राहिलेलं वाक्य... सगळं त्या सशासाठी. मी स्वतःवरच चिडले. आणि चिडूनही मनातून खात्री पटेना.

शनिवारी दुपारी, ससा डॉक्टरला देऊन येते असं आईला सांगून, मी टोपली घेऊन इंदोऱ्याला गेले. चिंधीला देऊन यायचं की भांडून यायचं, हे त्याच्या दारात पोचेपर्यंत ठरलं नव्हतं. दार त्याच्या आईनं उघडलं. मीराबाई. माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि हसल्या. "तूच का वं पोह्यावाली?"

मागच्या अंगणात जाळीत चार ससे होते. मीराबाईंनी एकेकाची ओळख करून दिली. हा वजनानं जास्त भरला, याच्या नाकावरचा ठिपका भलत्या बाजूला, हिचा रंग नियमांच्या वहीत नाही, याचं एक नख पांढरं. चौघंही कुठं ना कुठं नापास झालेले, मालकांना नकोसे. दुकानात परत गेलेल्या सशांचं काय होतं, ते धम्मदीपनं एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून तो असे ससे घरी आणतो. हे सांगून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

धम्मदीप दवाखान्यातून परतला तेव्हा मी अंगणातच बसले होते. टोपली पाहून त्याचा चेहरा उतरला.

"आणलीच शेवटी," तो म्हणाला.

"तुम्हीच मागितली ना."

"मागितली." तो माझ्यासमोर जमिनीवर बसला. "तिच्या जिवासाठी मागितली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं... ती इथं आली, तर मी तुमच्याकडे कशासाठी येऊ?"

 मला नीट ऐकायचं होतं. तीन महिने अंदाज बांधून मी थकले होते.

"तुम्ही कोणासाठी येता, ते एकदा सरळ सांगा. मला काहीच समजत नाही."

तो जाळीकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "तिचे दात जानेवारीतच नीट झाले होते. मी सांगितलं नाही."

ज्या माणसानं एवढी रांग थांबवून ठेवली, पण एका कानापुरतंही खोटं लिहिलं नाही, तो दोन महिने दर रविवारी माझ्या घरी येऊन खोटं बोलत होता... माझ्यासाठी.

"आजपर्यंत असं कधी केलं नव्हतं," तो म्हणाला. "राग आला?"

"आला." मी म्हटलं. "पण तुम्ही येत जा. दात न बघता."

त्यानं मान वर केली. "'तुम्ही' नको म्हणू वं."

मी टोपलीचं झाकण उघडलं. चिंधी बाहेर आली, आम्हा दोघांच्या मधून निघाली आणि जाळीला नाक लावून बसली. आमच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. त्यानं हात पुढं करून माझा हात धरला. या वेळी सॉरी म्हणाला नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"दिला का त्याले ससा? निघाली का तू?"

"नाही दिला." मी एक श्वास घेतला. "आई, मी जेवून येते इथं. धम्मदीपकडे."

पलीकडे कूलरचा आवाज येत राहिला. आई कधीच इतकी गप्प राहत नाही. ती रागावली, की तिला सगळं कळलं, की कळूनही ती न कळल्यासारखं करत होती, मला सांगता येईना. धम्मदीपनं माझा हात सोडला नाही, पण त्याची बोटं थंड पडली होती.

"बरं," आई शेवटी म्हणाली. "मग आम्ही वाढून घेतो. सावकाश ये."

मीराबाईंनी आतून विचारलं, भाकर घेशील की पोळी. मी भाकर म्हटलं.